चांदनीत रेम्ब्रां

बऱ्हाणपुराजवळच्या चांदनीहून एखादं जुनं युरोपीय तैलचित्र प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायचं ठरवलं, तर आधी भुसावळकडे जाणारी गाडी धरावी लागते. मुंबई पाचशे किलोमीटरच्या पुढे. तिथे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहातली युरोपीय चित्रं आहेत. दुसरा पर्याय बडोद्याचा. सयाजीराव गायकवाडांनी तिथे चित्रांसाठी वेगळी इमारत बांधली. ती १९१४मध्ये तयारही झाली, पण पहिल्या महायुद्धामुळे चित्रं युरोपातच अडकली आणि दालन उघडायला १९२१ उजाडलं. राजाची ही तऱ्हा, तर चांदनीतल्या माणसाने काय करावं?

इकडे कागद मात्र मुबलक. शेजारच्या नेपानगरात देशातला पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना उभा राहिला तो या जंगलातल्या सलई आणि बांबूच्या भरवशावर. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं. न्यूजप्रिंटवर कोळशाने स्केचिंग करणं कला महाविद्यालयातल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. स्वस्त कागद, वाया गेला तरी जीव हळहळत नाही. कागद इथला आणि त्यावर काढायची चित्रं लांबची, अशी एकूण आमच्या भागाची परिस्थिती.

मी सध्या रेम्ब्रांच्या १६५९ सालच्या आत्मचित्राची नक्कल करतो आहे. मूळ चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे, साडेचौऱ्याऐंशी सेंटिमीटर उंच आणि सहासष्ट रुंद. संग्रहालयाने त्याची मोठी, बारकाव्यांसकट प्रतिमा सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. मोबाइलवर ती इतकी मोठी करता येते की कपाळावरच्या रंगाच्या गुठळ्या मोजाव्यात. बऱ्हाणपुरातून तिची प्रिंट काढून आणली, तर सावल्या सगळ्या काळ्या डांबरासारख्या एकजीव झालेल्या. मग ईझलच्या डावीकडे प्रिंट आणि उजवीकडे उजेड मंद केलेला मोबाइल, अशी सोय लावली. आकारासाठी प्रिंट, रंगासाठी पडदा. दोघांचं एकमेकांशी पटत नाही आणि दोन्ही मूळ चित्राशी कितपत इमानदार आहेत ते वॉशिंग्टनला गेल्याशिवाय कळणार नाही.

नक्कल म्हटलं की आपल्याकडे लोक नाक मुरडतात. परीक्षेतली कॉपी आणि चित्राची कॉपी यांना एकच शब्द पडल्याने असेल, किंवा कलाकार म्हणजे स्वयंभू अशी समजूत घट्ट बसल्याने असेल. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात १७९३पासून नकलाकारांना बसू देतात. संग्रहालय ईझलसुद्धा देतं. अट एवढीच की नक्कल मूळ चित्राच्या मापाची नको, निदान एक पंचमांशाने लहान किंवा मोठी हवी, आणि त्यावर मूळ चित्रकाराची सही नको. देगाने तिथे वर्षानुवर्षं नकला केल्या. रूबेन्स पन्नाशी ओलांडल्यावर, युरोपभर नाव झालेलं असताना, माद्रिदला गेला तेव्हा स्पेनच्या राजाच्या संग्रहातल्या टिशियनच्या चित्रांसमोर बसून नकला करत होता. ज्याला राजे चित्रांची मागणी करतात त्या माणसाने हे करावं, यातच सगळं आलं.

चेहरा हुबेहूब उतरवणं हा नकलेचा सगळ्यात सोपा भाग. प्रिंटवर आणि कॅनव्हासवर सारख्या चौकटी आखायच्या, म्हणजे ग्राफ काढायचा, आणि एकेक चौकट भरत जायचं. ड्रॉइंग बरं असेल तर दोन बैठकांत रेम्ब्रां ओळखू येतो. खरी पंचाईत नंतर सुरू होते: आधी काय लावलं असेल आणि नंतर काय? चित्र बघणाऱ्याला सगळं एकदम दिसतं. करणाऱ्याला ते क्रमाने करावं लागतं. नक्कल करताना तुम्ही तयार चित्रावरून उलटे चालत त्या क्रमापर्यंत पोचता. माझ्या मते शिकण्यासारखं आहे ते हेच. बाकीचं फोटोवरूनही शिकता येतं.

तर क्रम. पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरुवात केली की प्रत्येक टोन शेजारच्या पांढऱ्यापुढे गडद वाटतो आणि हात घाबरत घाबरत फिकट लावतो. म्हणून आधी तपकिरी-राखाडी अस्तर, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेलं. ते वाळलं की बर्न्ट अंबरने चेहऱ्याच्या सावल्या मांडायच्या, फडक्याने उजेडाच्या जागा पुसून काढायच्या. इथे रंग असा नाहीच, फक्त उजेड आणि अंधार. ड्रॉइंगचे मास्तर ज्यासाठी ओरडत ते इथे कामाला येतं: डोळे बारीक करून बघणं. डोळे बारीक केले की पापण्या, सुरकुत्या, केस सगळं गळून पडतं आणि चेहऱ्याचे चार-पाच मोठे पॅच उरतात. ते पॅच जागेवर बसले तर पुढचं काम तरतं. नाहीतर वर कितीही सुरकुत्या कोरा, माणूस मेणाचा दिसतो.

रेम्ब्रांची सावली पातळ असते, जवळजवळ पारदर्शक. खालचं तपकिरी अस्तर तिच्यातून श्वास घेतं. उजेड मात्र जाड. कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचा उंचवटा इथे पांढऱ्यात कालवलेला रंग थापलेला, ब्रशच्या केसांच्या रेघा त्यात उमटलेल्या. खोलीतला खराखुरा उजेड त्या उंचवट्यांवर पडतो आणि चित्रातल्या उजेडाला हातभार लावतो. हे समजलं तेव्हा मी सावलीत पांढरा मिसळणं बंद केलं. सावलीत पांढरा गेला की ती धुरकट होते, आणि धुरकट सावली कितीही गडद केली तरी खोल जात नाही.

त्याचा पांढरा शिशाचा. हा पांढरा चिवट असतो, ब्रशमागे तारेसारखा ओढला जातो आणि ठेवला तिथे बसून राहतो. तो विषारी, म्हणून आता ट्यूबमध्ये मिळतो तो बहुतेक टायटॅनियम व्हाइट. टायटॅनियम जास्त झाकतो, जास्त गोरा, आणि मिश्रणात थोडा जास्त पडला तरी सगळं खडूसारखं करून टाकतो. शिशाच्या पांढऱ्याच्या अंदाजाने टायटॅनियम घेतला तर रेम्ब्रां पावडर लावून बसल्यासारखा दिसतो. उपाय म्हणजे निम्म्याहून कमी घ्यायचा आणि त्यात आधीच चिमूटभर यलो ऑकर कालवून ठेवायचं.

आणि तेल. तैलरंगातलं तेल म्हणजे जवसाचं. खानदेशात जवसाची चटणी भाकरीवर पडते, पण त्याच बियांच्या तेलावर युरोपातली पाच-सहाशे वर्षांची चित्रकला उभी आहे हे आपल्या ताटात बघून कुणाला सुचणार? शेंगदाण्याचं तेल का चालत नाही? कारण ते कधी वाळतच नाही. जवसात लिनोलेनिक आम्लाचं प्रमाण निम्म्याच्या आसपास असतं. ते हवेतला प्राणवायू घेतं आणि तेलाचं चिवट कातडं बनतं. म्हणजे तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तो हवा शोषून घट्ट होतो. घाण्यावरचं कच्चं तेल मात्र थेट रंगात घालू नये, त्यात गाळ असतो आणि ते पिवळं पडतं. शुद्ध केलेलं लिन्सीड दुकानातूनच आणावं.

यातून नियम निघतो: खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. उलटं केलं तर वरचा आधी वाळून कडक होतो, खालचा हळूहळू वाळत हलत राहतो आणि चित्राला तडे जातात. प्रत्येक रंगाचा वेळही वेगळा. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे ते लवकर वाळतं. आयव्हरी ब्लॅक दिवसचे दिवस ओलाच. म्हणून पार्श्वभूमीच्या पहिल्या थरात काळा वापरणं म्हणजे आठवडाभर हात बांधून बसणं. रेम्ब्रांचे मूळ थर प्रिंटमध्ये दिसत नाहीत, पण ते कोणत्या क्रमाने गेले असणार याला रसायनशास्त्रच साक्षी आहे.

चांदनीहून भुसावळ फार लांब नाही. त्या भुसावळच्या जुन्या युरोपीय दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल पुरलेला आहे. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकवितेमुळे आणि त्यावरच्या चित्रपटामुळे मराठी माणसाला गिल आठवतो तो त्याच्या प्रेयसीसाठी, पारोसाठी. गिलचं काम मात्र नकलेचं होतं. मद्रास सैन्यातल्या या अधिकाऱ्याला १८४४मध्ये अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं उतरवायला नेमलं, आणि तो कॅनव्हासवर, तैलरंगात, मोठमोठ्या नकला करत राहिला. पारो १८५६मध्ये गेली. तिची कबर अजिंठा गावात आहे. गिलच्या नकला लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या, तिथे डिसेंबर १८६६च्या आगीत चार-पाच सोडून सगळ्या जळाल्या. गिल १८७९मध्ये वारला.

तो हयात असतानाच तेच काम पुन्हा सुरू झालं, यावेळी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या हाती. १८७२पासून १८८५पर्यंत जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिला. तेरा वर्षांत सुमारे तीनशे कॅनव्हास झाले. नशीब बघा, तेही लंडनला गेले आणि १८८५मध्ये तिथल्या संग्रहालयाच्या साठवणीत लागलेल्या आगीत शंभरावर गेले. दोन्ही मोहिमांतल्या मिळून १६६ नकला आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहेत. आणखी एक गोष्ट दडवण्यासारखी नाही. अंधाऱ्या लेण्यांत चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून या नकलाकारांनी भिंतींवर वॉर्निश चढवलं. ते पिवळं पडलं, आणि पुढच्या पिढ्यांना ते काढत बसावं लागलं. नक्कल नेहमीच निरुपद्रवी असते असं नाही.

पण माझ्या विषयाच्या दृष्टीने अजिंठ्याचं खरं फळ म्हणजे पेस्तनजी बोमनजी. जन्म १८५१, मुंबईचे पारशी. ग्रिफिथ्सच्या तुकडीतले ते बिनीचे विद्यार्थी. दीड हजार वर्षांपूर्वीच्या अनाम चित्रकारांची रेषा ते परक्या माध्यमात, तेलात, उतरवत होते. भिंतीवरचा मंद रंग कॅनव्हासवर आणायचा तर थराचा विचार केल्याशिवाय भागत नाही. याच काळात, दिल्ली दरबाराचं चित्र काढायला आलेला इंग्रज चित्रकार व्हॅलेंटाइन प्रिन्सेप मुंबईत होता, आणि पेस्तनजींनी तैलरंगातल्या व्यक्तिचित्राचे धडे त्याच्याकडून घेतले. पुढे त्यांनी काढलेली पारशी माणसं बघा: काळ्या पार्श्वभूमीतून पुढे येणारा चेहरा, अंगरख्याचा पांढरा, पगडीवरची चमक. लोक त्यात डच चित्रकला बघतात. मला त्यात अजिंठ्यातल्या त्या लांबच्या बैठकाही दिसतात, पण हा माझा कयास.

पेस्तनजींसमोर भिंत होती. बहुतेकांसमोर तीही नव्हती. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७मध्ये सुरू झालेल्या शाळेत पोरं शिकली ती ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या साच्यांवरून. तिकडे त्रावणकोरच्या दरबारात राजा रविवर्म्याला तेलाचं तंत्र कुणी सांगेना. रामस्वामी नायकर या दरबारी चित्रकाराने शिकवायला साफ नकार दिला. १८६८मध्ये थिओडोर जेन्सन व्यक्तिचित्रं काढायला आला तेव्हा रविवर्म्याने त्याचं काम बघून घेतलं, बस्स. तेलाचा क्रम ही त्या काळात राखून ठेवायची गोष्ट होती. मग त्याच रविवर्म्याच्या छापील चित्रांवरून गावोगावच्या पेंटरांनी पुढे हजारो लक्ष्म्या आणि सरस्वत्या काढल्या. त्या छापांवरून साडीचा काठ शिकता आला, थर नाही. छापील चित्राला थर नसतातच. माझ्या प्रिंटचीही तीच अडचण आहे, फक्त मला मोबाइलची जोड आहे.

औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी हे ओळखलं असावं. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाने १९३८मध्ये सुरू केलेल्या श्रीभवानी संग्रहालयात युरोपीय चित्रांच्या तैलरंगातल्या नकलाही ठेवल्या. नकलेचं तरी प्रत्यक्ष दर्शन व्हावं. औंधच्याच माधव सातवळेकरांना पुढे फ्लॉरेन्स, लंडन, पॅरिस इथे शिकायला मिळालं. आमच्या बाजूला इंदूर. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७मध्ये तिथे चित्रकलेचं शिक्षण सुरू केलं. बेंद्रे, द. ज. जोशी, विष्णू चिंचाळकर, हुसेन ही माणसं त्यांच्या हाताखालून गेली. पुढे जो तो आपापल्या वाटेने गेला आणि वास्तवदर्शी व्यक्तिचित्र मागे पडलं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर आपल्या कलाशिक्षणातून नकलेला घालवून दिलं, ते घाईने केलं असं मला वाटतं. बंड करायला आधी घर लागतं.

आता बऱ्हाणपूर. या शहराचा आणि चित्राच्या नकलेचा संबंध दुरून जुळवलेला नाही. मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानान इथे दख्खनचा कारभार बघत असताना त्याच्या पदरी चित्रकार होते. अकबराच्या सचित्र रामायणाची स्वतःसाठी प्रत करून घ्यायची परवानगी त्याने बादशहाकडून मिळवली होती. नोव्हेंबर १६१५मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून निघून बऱ्हाणपुरात आला आणि शहजादा परवेझला भेटून पुढे अजमेरला जहांगीराच्या दरबारी गेला. पुढच्या वर्षी तिथे एक पैज लागली. रो याच्याकडे एक इंग्लिश लहान चित्र होतं. असं इथे कुणाला जमणार नाही, अशी त्याची खात्री. जहांगीराने आपल्या चित्रकाराकडून पाच नकला करून घेतल्या आणि मूळ चित्रासकट सहाही एका फळीवर लावून रात्री मेणबत्तीच्या उजेडात रो याच्यापुढे ठेवल्या. आपलं कुठलं ते ओळखताना वकीलसाहेब चांगलेच चाचपडले. शेवटी ओळखलं, पण मुघल चित्रकाराचं कसब मान्य करून.

हे चालू असताना रेम्ब्रां दहा वर्षांचा होता. तो नेदरलँड्स सोडून कधी कुठे गेला नाही, पण डच जहाजांतून हिंदुस्थानातली चित्रं ॲम्स्टरडॅमला जात. १६५६मध्ये त्याचं दिवाळं निघालं, तेव्हा केलेल्या त्याच्या मालाच्या यादीत विलक्षण बारीक चित्रांचं एक बाड नोंदलं आहे; ती मुघल चित्रं असावीत असं अभ्यासक मानतात. त्याच सुमाराला, साधारण १६५६ ते १६६१च्या दरम्यान, त्याने मुघल चित्रांवरून नकला केल्या. तेवीस आज शिल्लक आहेत. त्यांत जहांगीर आहे, झाडाखाली बसलेले मुल्ला आहेत, आणि शहाजहान तर अनेकदा. म्हणजे ज्याची राणी मुमताज १६३१मध्ये बऱ्हाणपुरात गेली आणि तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत आधी पुरली गेली, त्या माणसाचा चेहरा रेम्ब्रां पन्नाशीत उतरवत बसला होता. मी ज्याची नक्कल करतो ते आत्मचित्र याच वर्षांतलं.

त्या नकलांकडे चित्रकाराच्या नजरेने बघितलं की गंमत कळते. यासाठी त्याने महागडा जपानी कागद वापरला, जो शाई लवकर पीत नाही. बाजूने दिसणारा चेहरा, पगडी, जामा, उभं राहण्याची ढब हे त्याने तसंच ठेवलं. पण मुघल चित्रात सावली जवळपास नसते. याने शाईचा हलका हात देऊन अंगाखाली, पायाशी सावली घातली. आणि मुघल रेषा जिथे एका दमात, न थरथरता जाते, तिथे त्याची रेषा अडखळते, दुहेरी होते, पुन्हा सुरू होते. नक्कल आहे, पण कुणाची नक्कल कुणी केली ते लपत नाही. आपल्या पोरांना नक्कल करू नका, स्वतःचं काढा, असं सांगणाऱ्यांनी ही तेवीस चित्रं एकदा समोर ठेवावीत.

एवढं सगळं पदरात पडूनही रेम्ब्रां एका ठिकाणी साथ सोडतो. कातडी. त्याचा चेहरा गोरा. उजेडात पांढऱ्याकडे झुकणारा, गालावर लाली. याच हिशेबाने चांदनीतल्या माणसाचा चेहरा काढायला घ्या, गाल राख फासल्यासारखे होतात. सावळ्या चेहऱ्यात सगळा कारभार मधल्या टोनमध्ये चालतो, आणि त्या मधल्या टोनला पांढरा सोसत नाही. तो उजळायचा तर ऑकरने, बर्न्ट सिएनाने, क्वचित केशरी छटेने. याउलट हायलाइट गोऱ्या चेहऱ्यापेक्षा ठळक उठतो, कारण आजूबाजूचा टोन गडद. दारातून येणारं आभाळ कपाळावर निळसर चमकतं, तो निळा न घाबरता लावावा लागतो. सावलीत काळा घालायचा मोह टाळून लालसर तपकिरी आणि थोडा हिरवा. हे शिकायला गोव्यातल्या सांग्याचे आन्तोनियो झेवियर त्रिंदाद बघावेत. जन्म १८७०, जे. जे.मध्ये शिकले, तिथेच शिकवलं, १९३५मध्ये वारले. ‘पूर्वेचा रेम्ब्रां’ अशी पदवी लोकांनी त्यांना देऊन टाकली. अंधार आणि उजेडाच्या खेळामुळे दिली असणार. मला तरी ते रेम्ब्रांपासून सुटतात तिथेच मोठे वाटतात: घरातल्या माणसांच्या, बायांच्या सावळ्या, उबदार कातडीत, जी डच पॅलेटमध्ये कुठेच नाही. पणजीला फुंदासांव ओरिएंत या संस्थेत त्यांची चित्रं आहेत.

माझ्या नकलेतला रेम्ब्रां अजून ओला आहे; टोपीच्या काळ्याने नेहमीप्रमाणे वेळ लावला आहे. तोवर दुसरा लहान कॅनव्हास अस्तर लावून वाळत ठेवला आहे. त्यावर शेजारचे काका बसणार आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले, उन्हात रापलेला काळसावळा चेहरा, भुवया पांढऱ्या. त्यांची एकच अट आहे की संध्याकाळी पाचच्या आत सोडायचं. दुपारचा उजेड उत्तरेच्या खिडकीतून येतो तेवढ्यात मोठे पॅच बसवायचे, आणि पॅलेटवर पांढरा सगळ्यात शेवटी काढायचा.